खड्ड्यात उतरण्याआधी: गॅस पाइपलाइनच्या टोळीत नव्या गड्याने काय शिकावं

पाइप टाकायचं काम चालू असतं तेव्हा त्या पाइपात बहुतेक वेळा गॅस नसतोच. तरीही हे काम जीवावरचं आहे. नवा गडी येतो तो गॅसच्या भीतीने. त्या भीतीपायी ढासळायला आलेली माती, जमिनीतली केबल, जेसीबीची मागची बाजू आणि हवा भरलेला पाइप यांच्याकडे त्याचं लक्षच जात नाही. पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणात शिकायची मुख्य गोष्ट हीच, की धोका कोणत्या क्रमाने येतो आणि कुठे हात थांबवायचा.

मुंबईहून नागपूरकडे येणारी ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीची मोठी वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने आली आहे. ती पोलादी आणि जास्त दाबाची. शहरात आणि मोठ्या गावांत घरापर्यंत गॅस नेणारं जाळं मात्र बरंचसं पिवळ्या किंवा नारिंगी प्लॅस्टिक पाइपाचं असतं. त्याला साइटवर सगळे एमडीपीई म्हणतात. २०, ३२, ६३, ९०, १२५ मिलिमीटर ही त्यातली नेहमीची मापं. त्यात गॅसचा दाब साधारण ४ बारपर्यंत असतो (बार हे दाबाचं माप). कपाशीची वेचणी आटोपल्यावर गावातला पोरगा मजुरीला जातो, तो बहुधा या दुसऱ्या कामावर. म्हणून इथे त्याच कामाबद्दल.

काळी माती भिंतीसारखी दिसते, भिंत नसते

पाइपावर निदान १ मीटर माती हवी. म्हणजे नाली साधारण सव्वा मीटर खोल जाते. १.५ मीटरपेक्षा खोल नालीला लाकडी किंवा लोखंडी आधार द्यावा, असं भारतीय मानक आयएस ३७६४ सांगतं. आपली नाली सव्वा मीटरची, म्हणून आधार नको, असा हिशेब बरेच मुकादम करतात. तो चुकतो. उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येणारी नाली, तो पाइप पुसायला उकिडवा बसला की डोक्याच्या वर जाते. शिवाय जोड करायला नाली जिथे रुंद करतात तिथे, आणि रस्त्याखालून आडवं छिद्र पाडणाऱ्या मशीनच्या दोन्ही टोकांच्या खड्ड्यांत खोली सहज दीड मीटर ओलांडते. माणसं जास्त वेळ बसतात तीही याच ठिकाणी.

एक घनमीटर ओलसर मातीचं वजन दीड ते पावणेदोन टन असतं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरतो. तो श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, त्या जागेत माती बसते, आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. यात फार वेळ जात नाही.

विदर्भातली काळी माती इथे दोनदा फसवते. उन्हाळ्यात ती सिमेंटसारखी टणक, कडा सरळ उभी राहते, बघणाऱ्याला वाटतं ही कशाला पडते. पण तिच्यात हात-दोन हात खोल भेगा असतात. एक अवकाळी पाऊस झाला की पाणी भेगांतून खाली जातं, माती फुगते, आणि कडेचा अख्खा ठोकळा सुटून आत येतो. दुसरी फसवणूक थरांची. वर काळी माती, खाली मुरूम किंवा चोपण. दोन थरांच्या मधून पाणी झिरपत असेल तर वरचा थर तिथून घसरतो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर, आणि रोज सकाळी काम सुरू होण्याआधी, जाणत्या माणसाने नाली पाहिल्याशिवाय कोणी आत उतरायचं नाही.

काय पाहायचं? काठाला समांतर जाणारी नवी भेग. बारीक ढेकळं आपोआप घरंगळणं. कडेतून पाझर. तळ फुगून वर येणं. यातलं एक जरी दिसलं तरी सगळ्यांनी आधी बाहेर यायचं आणि मग चर्चा करायची.

उपसलेली माती काठापासून नालीच्या खोलीच्या निम्म्या अंतरावर किंवा १.५ मीटरवर, यातलं जे जास्त असेल तिथे टाकायची. गावाच्या अरुंद गल्लीत तेवढी जागा मिळतच नाही. तिथे माती ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरून बाजूला नेतात. हा खर्च वाचवायचा म्हणून काठावरच ढीग लावला की त्याच मातीचं वजन कडेला ढकलायला लागतं, आणि सब्बल, गैंती, दगड घरंगळून खालच्याच्या डोक्यात बसतात. चढायला-उतरायला शिडी हवी, दर १५ मीटरला एक, काठाच्या वर मीटरभर निघालेली. जेसीबीच्या बकेटमध्ये बसून उतरणं बंद.

कडा कोसळून कोणी दबलाच तर धावत आत उडी मारायची नाही. पहिल्यानंतर दुसरा ढिगारा बहुतेक वेळा पडतो, तोही वाचवायला गेलेल्यावर. आधी १०८ किंवा ११२. काठावरची गर्दी आणि मशीन दूर. मग आधार लावून, हाताने आणि घमेल्याने, आधी तोंड आणि छाती मोकळी करायची. जेसीबीने उकरायचं नाही. दोर बांधून ओढायचंही नाही, कमरेपर्यंत गाडलेलं शरीर ओढण्याने सुटत नाही, मोडतं.

जमिनीखाली आधीच कोण आहे

खोदण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांची माहिती मागवायची असते. त्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केलं. महावितरणची केबल, ग्रामपंचायतीपर्यंत आलेली भारतनेटची फायबर, नळयोजनेची पाइपलाइन, या गोष्टी कुठल्या ना कुठल्या नकाशावर असतात. पण शेतकऱ्याने विहिरीच्या मोटरपंपापर्यंत धुऱ्याच्या कडेने स्वतः पुरलेली केबल कुठल्याच नकाशावर नसते. ती अनेकदा वीतभरच खोल असते आणि तिच्यावर ना वीट, ना पट्टी. तिची माहिती त्या शेताच्या मालकाकडे किंवा गड्याकडेच मिळते. शेतात खोदायच्या आधी त्यांना विचारणं हा कामाचा भाग आहे, मेहेरबानी नव्हे.

केबल शोधणारं यंत्र फिरवलं, ते वाजलं नाही, म्हणून खाली काही नाही असं समजू नका. यंत्राचा एक प्रकार केबलमधून वाहणाऱ्या विजेची खूण पकडतो. शेतीच्या फीडरला दिवसा वीज नसेल किंवा पंप बंद असेल तर ती खूण मिळतच नाही. रात्री वीज आली की तीच केबल जिवंत. म्हणून ठरावीक अंतरावर हाताने आडवे चाचणी-खड्डे घेतात. खूण केलेल्या वाहिनीच्या अर्ध्या मीटरच्या आत जेसीबी थांबतो आणि फावडं सुरू होतं. तिथे गैंती किंवा टोकदार सब्बल डोक्यावरून मारायची नाही. फावड्याने बाजूबाजूने माती सोडवत जायचं. वाळू, विटांचा थर, रंगीत प्लॅस्टिक पट्टी किंवा वेगळ्या रंगाची भरलेली माती लागली की थांबा. तिथे आधी कोणीतरी खोदलं आहे. नवा गॅस पाइप आणि जुनी वाहिनी यांत किमान ३०० मिलिमीटर अंतर राहायला हवं, नंतर दुरुस्ती करणाऱ्याचं फावडं नेमकं त्याच फटीत शिरणार असतं.

हत्यार केबलला लागलंच तर ते उपसून काढायला जाऊ नका. सोडा, दूर व्हा, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणाला जवळ येऊ देऊ नका.

वरच्या तारांचंही तेच. गावाबाहेरची ११ केव्हीची लाइन जेसीबीच्या हातापासून किमान ३ मीटर लांब हवी. हात तारेला लागला तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं, बाकीच्यांनी मशीनला हात लावायचा नाही. मशीन पेटलं म्हणून उतरावंच लागलं, तर दोन्ही पाय जुळवून एकदम उडी मारायची आणि पाय जुळलेलेच ठेवून सरकत दूर जायचं. जमिनीत वीज पसरलेली असते, मोठी ढांग टाकली की दोन पायांमधल्या फरकाने झटका बसतो.

जेसीबीजवळ कसं वागायचं याचा नियम एकच पाठ करा. ऑपरेटरचे डोळे तुम्हाला दिसत नसतील, तर त्याला तुम्ही दिसत नाही. इशारा एकाच माणसाने करायचा. थांबण्याचा इशारा मात्र कोणीही केला तरी मशीन थांबलं पाहिजे.

पाइप: गुंडाळीपासून जोडापर्यंत

६३ मिलिमीटरचा पाइप गुंडाळीत येतो. ही गुंडाळी म्हणजे ताणलेली स्प्रिंग समजा. सगळ्या पट्ट्या एकदम कापल्या तर सुटलेलं टोक फटकाऱ्यासारखं तोंडावर येतं. बाहेरचं टोक आधी दोराने बांधायचं आणि एकेक थराची पट्टी कापत पाइप सोडत जायचा. पाइप जमिनीवरून ओढत न्यायचा नाही. भिंतीच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल ओरखडा पडला तर तो तुकडा कापून टाकावा लागतो.

जोडाला इलेक्ट्रोफ्यूजन म्हणतात. दोन पाइपांची टोकं ज्या प्लॅस्टिकच्या नळीत घालतात तिला कपलर म्हणतात. तिच्या आत तांब्याची तार असते, मशीन तिला साधारण ४० व्होल्ट देतं, तार तापते, पाइपाचं बाहेरचं आणि कपलरचं आतलं प्लॅस्टिक वितळून एक होतं. जोड प्रमाणपत्र असलेला माणूसच करतो. पण पाइप खरवडणं, पुसणं, धरून ठेवणं ही कामं नव्या गड्याकडेच येतात, आणि जोड फसतो तो याच तीन ठिकाणी.

पाइप काटकोनात कापायचा. तिरका कापला तर एका बाजूची तार उघडी राहते आणि वितळलेलं प्लॅस्टिक आत वाहून जातं. मग बाहेरचा ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा थर खरवडून काढायचा. ऊन आणि हवेने त्या थराचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं, तो वितळतो पण चिकटत नाही. म्हणूनच जोड बाहेरून छान दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांनी सुटतो. खरवडायला फिरता स्क्रेपर वापरा. सँडपेपर नको, तो थर काढत नाही आणि कण आत रुतवतो. सगळीकडे खरवडलं गेलं की नाही हे कळायला आधी मार्करने आडव्या-तिडव्या रेघा मारतात. एकही रेघ उरली तर काम अर्धं.

त्यानंतर हात लावायचा नाही. हाताचा घाम, गुटख्याची बोटं, धोतराच्या किंवा दुपट्ट्याच्या कापडाने पुसणं, हे सगळं जोड मारतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या रुमालाने पुसायचं आणि ते उडून जाईपर्यंत थांबायचं. आत जाण्याची खोली मोजून खूण करायची. दोन्ही बाजूंनी क्लॅम्प लावायचा. मे महिन्याच्या उन्हात घामाचा एक थेंब कपलरमध्ये पडला तरी वितळताना त्याची वाफ होते आणि जोडात बुडबुडे राहतात. त्यासाठी सावलीचा तंबू लावायचा, माणसाच्या आरामासाठी आहे म्हणून तो टाळू नका.

मशीन चालू असताना मीटरभर दूर उभं राहा, कधी वितळलेलं प्लॅस्टिक उडतं. ते अंगाला चिकटलं तर ओढून काढू नका, कातडी सोबत येते. वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा आणि दवाखान्यात जा. जोड झाल्यावर कपलरवरची खूणपिन वर येते. पिन वर आली म्हणजे जोड पक्का, असं अनेकांना वाटतं. पिन फक्त प्लॅस्टिक वितळल्याचं सांगते, खरवडलं होतं का ते सांगत नाही. कपलरवर थंड होण्याची मिनिटं छापलेली असतात. तोवर क्लॅम्प काढला किंवा पाइप हलवला तर आतून चीर जाते. जेवणाची सुट्टी जवळ आली की हीच मिनिटं खाल्ली जातात.

आणखी एक गोष्ट इथल्या हवामानामुळे महत्त्वाची. १०० मीटर लांबीचा प्लॅस्टिक पाइप २० अंशांनी तापला तर पस्तीस-चाळीस सेंटीमीटर लांबतो, आणि निवला की तेवढाच आखडतो. दुपारी तीनला तापलेला पाइप ताणून शेवटचा जोड केला तर पहाटे तोच जोड ओढला जातो. पाइप नालीत सोडावा, रात्रभर निवू द्यावा, शेवटचे जोड सकाळी करावेत.

भरताना पाइपाच्या भोवती दगड नसलेली बारीक माती किंवा वाळू, तीही थराथराने दाबलेली. काळ्या मातीची वाळलेली ढेकळं इथे दगडच समजा. पाइपाच्या ३०० मिलिमीटर वर इशाऱ्याची जाळी किंवा पट्टी. ती विसरली तर दहा वर्षांनी तिथे खोदणाऱ्याला थांबवायला काहीच नसतं.

हवेची चाचणी

गॅस सोडण्याआधी पाइपात हवा भरून दाब पाहतात, चालवण्याच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे ४ बारच्या लाइनला ६ बार. “नुसती हवाच तर आहे” हे वाक्य साइटवर फार ऐकू येतं. हिशेब करून पाहा. १२५ मिलिमीटर पाइपाचा आतला व्यास साधारण १०२ मिलिमीटर. त्याच्या टोकाच्या झाकणावर ६ बारला जवळपास ५०० किलोचा जोर पडतो. झाकण नीट अडकवलेलं नसेल तर ते तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. पाणी दाबलं तर फारसं आकसत नाही, त्यामुळे सुटलं की लगेच दाब संपतो. हवा आकसून बसलेली असते, सुटताना सगळी ताकद बाहेर फेकते.

म्हणून दाब चढत असताना झाकणाच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, नालीत कोणी उतरायचं नाही, आणि गळती दिसली म्हणून दाबाखाली नट आवळायचा नाही. आधी दाब सोडा, गेज शून्यावर आलेलं पाहा, मग हात लावा. शाळेतून येणारी पोरं बघत उभी राहतात, त्यांना दूर ठेवायला एक माणूस वेगळा नेमावा लागतो.

आणि आता गॅस

जुन्या चालू लाइनला नवी जोडतात, किंवा चालू लाइनच्या शेजारी खोदतात, तेव्हा गॅस खरंच समोर येतो. त्याची चार वैशिष्ट्यं कळली की बाकीचे नियम आपोआप समजतात.

पाइपातला नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेहून हलका, वर जातो. घरातल्या सिलिंडरचा गॅस जड, तो खाली साचतो. गावात सगळ्यांना सवय सिलिंडरची, त्यामुळे हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो. दुसरं, हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच ते पेटतं. गॅस मोजणारं यंत्र, म्हणजे डिटेक्टर, मात्र टक्के वेगळ्या मापात दाखवतो. त्यावरचे १०० म्हणजे पेटण्याची खालची सीमा, हवेत ५ टक्के गॅस. साधारण १० आकड्यालाच तो ओरडू लागतो, म्हणजे हवेत अर्धा टक्का. तिथेच काम थांबवून बाहेर यायचं.

तिसरं, वासावर विसंबू नका. मिथेनला स्वतःचा वास नसतो, मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळून तो आणलेला असतो. जमिनीतून झिरपताना चिकण माती तो वास शोषून घेऊ शकते. शिवाय बराच वेळ वास घेत राहिलं की नाक मरतं. चौथं आणि आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचं, जमिनीखालून गळणारा गॅस जिथे वाट मिळेल तिकडे जातो. पावसाने वरची माती बंद झालेली, वर डांबर किंवा काँक्रीट रस्ता, आणि खाली भेगा किंवा जुनी नाली. मग तो आडवा पसरतो आणि वीस-तीस पावलांवरच्या घरात, विहिरीत किंवा सांडपाण्याच्या गटारात निघतो.

म्हणूनच चालू पाइप फुटला तर त्यावर माती ढकलून तो दाबायचा प्रयत्न हा सगळ्यात घातक. आवाज बंद होतो, गळती बंद होत नाही, फक्त घरांकडे वळते. करायचं ते असं: मशीन बंद, आणि पुन्हा चालू करायचं नाही. डिझेल इंजिनाने हवेसोबत गॅस ओढला तर किल्ली बंद करूनही ते धावत सुटू शकतं. वारा ज्या बाजूने येतो तिकडे चालत दूर जा. मोबाइल तिथून दूर गेल्यावरच काढा आणि लाइनच्या खुणेच्या पाटीवर लिहिलेल्या कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर, मग १०१ किंवा ११२ वर फोन करा. जवळच्या घरांतल्या लोकांना बाहेर काढा. चुली विझवायला सांगा, पण बटणं चालूही करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. गॅस पेटलाच असेल तर ज्वाळा विझवायला धावू नका. आजूबाजूचं पेटू देऊ नका आणि व्हॉल्व्ह बंद होण्याची वाट पाहा. ज्वाळा विझली आणि गॅस चालूच राहिला तर तो साचतो आणि मग स्फोट होतो.

प्लॅस्टिक पाइपात गॅस वाहताना पाइपावर स्थिर वीज साठते. गॅस अडवायला चिमटा लावून पाइप दाबतात तेव्हा त्यावर ओलं सुती कापड गुंडाळून त्याचं टोक जमिनीला टेकवतात ते यासाठीच. ते कापड ओलं ठेवायचं काम तुम्हाला दिलं असेल तर ते किरकोळ समजू नका. अंगावर नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे नकोत, सुती हवेत.

ऊन आणि साप यांबद्दल थोडक्यात. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात पारा ४५ च्या आसपास जातो. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न पाहता. जड खोदकाम पहाटे. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चक्कर येऊन पडला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. हेल्मेटखाली दुपट्टा चालेल, पण टोकं आत खोचून, कारण कंप्रेसरच्या पट्ट्यात तीच अडकतात. पावसाळ्यात सकाळी नालीत आणि पाइपांच्या ढिगाऱ्याखाली काठीने पाहिल्याशिवाय हात घालू नका. साप चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय न हलवता सरळ ग्रामीण रुग्णालय.

पहिल्या दिवशी मुकादमाला काय विचारावं? नाली आज कोणी पाहिली. खालच्या वाहिन्यांच्या खुणा कुठे आहेत. शेजारी चालू गॅसलाइन आहे का, आणि तिचा व्हॉल्व्ह कोणाला माहीत आहे. डिटेक्टर आणि दहा किलोचं पावडरचं अग्निशामक कुठे ठेवलं आहे. जवळचा दवाखाना कोणता, गाडी कोणती. रात्री नालीभोवती लाल दिवे आणि पत्रे राहणार का, कारण पहाटे गुरं आणि दुधाच्या मोटारसायकली त्याच रस्त्याने जातात. बारा महिन्यांत नव्वद दिवस भरले की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, त्यासाठी हजेरीचा दाखला कोण देणार. आणि टोळीत तेलुगू, हिंदी, गोंडी बोलणारे असतील तर ‘थांबा’ म्हणायचा शब्द आणि हाताचा इशारा कोणता ठरला आहे, हे खड्ड्यात उतरायच्या आधी एकमेकांना करून दाखवा.